भीती मुरायला सहा तास

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं मावळातल्या कड्यांवरून उडतेय, दुसऱ्यांना उडायला शिकवतेय, तरी भित्री. लोक हसतात. हसोत बापडे. मधली चार वर्षं मी अजिबात घाबरले नाही, आणि आता मला सगळ्यात जास्त भीती त्या चार वर्षांचीच वाटते.

माझं नाव हेमलता गराडे. कामशेतच्या पुढे डोंगरात आमची छोटीशी शाळा आहे. आम्ही स्पीडफ्लाइंग शिकवतो. पॅराग्लायडिंग तुम्ही पाहिलं असेल. डोक्यावर मोठी विंग, म्हणजे कापडाचा पंख; निवांत तरंगायचं, खालचं धरण बघायचं. आमची विंग त्याच्या निम्म्याहून लहान. ती तरंगत नाही, डोंगराच्या अंगालगत खाली धावते. ताशी नव्वद किलोमीटर वेग आणि पायाखाली दोन मीटरवर कारवीची झुडपं. एका सेकंदात पंचवीस मीटर जातात, म्हणजे ‘अगं बाई’ म्हणायलासुद्धा वेळ नसतो.

विंग जितकी लहान, तितकी ती वेगात जाते आणि तितकी चूक कमी माफ करते. नवख्याला आम्ही अठरा चौरस मीटरची देतो, मग पंधरा, तेरा, अकरा, नऊ. आठ मीटर म्हणजे डबलबेडच्या दीड चादरी, बस्स. त्यावर स्वतःचा जीव टांगायचा. आणि गंमत अशी की प्रत्येकाला लहानच हवी असते. एक नंबर लहान ड्रेस बसला की बाई जशी आरशासमोरून हलत नाही, तसे आमच्याकडचे बाप्ये लहान विंग मिळाली की फोटो काढत सुटतात.

कोणाला लहान विंग द्यायची, हे ठरवायची आमची एक पद्धत होती. तिला आम्ही ‘चुकीचा चहा’ म्हणायचो. सगळे खाली उतरले की बबनकाका चहा टाकायचे. हे बबनकाका ठाकर म्हणजे आमचे जीपचालक, आणि विंगच्या दोऱ्या तपासण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. कपाला हात लावायच्या आधी प्रत्येकाने आपली त्या दिवशीची चूक सांगायची. "कड्याजवळ उशिरा वळलो." "वारा मागून आला ते कळलंच नाही, पाय लटपटले." चूक सांगितली म्हणून कोणी हसायचं नाही, ओरडायचं नाही. ओरडलं की लोक लपवायला लागतात. चाळीस उड्डाणं झाली, आणि शेवटच्या दहा चहांना मोठी चूक ऐकू आली नाही, की मी रजिस्टरमध्ये सही करायची आणि पुढची लहान विंग द्यायची. या पद्धतीने सोळा वर्षं आमच्याकडे एकही माणूस गेला नाही. मला तिचा केवढा अभिमान होता!

मग पट्टा आला.

पट्टा बनवला डॉ. फारूख इनामदार यांनी. पुण्याचे, मेंदूचे अभ्यासक, स्वभावाने अगदी साधा माणूस. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला समजावलं ते असं. माणूस दचकतो तेव्हा मेंदूतला बदामाएवढा एक भाग आधी बोंब मारतो. विचार करणारा भाग मागाहून जागा होतो. तेवढ्या वेळात हात आवळले जातात. आमच्या हातात विंगचे ब्रेक असतात. हात आवळले की दोन्ही ब्रेक पूर्ण खाली, विंग उडायची थांबते आणि माणूस धोंड्यासारखा खाली. आमचे निम्मे अपघात असेच व्हायचे. आता, मानेतून एक मोठी नस जाते, ती हृदयाला आणि पोटाला ‘शांत हो’ असा निरोप नेते. मानेभोवतीचा हा पट्टा दचकणं ओळखतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत त्या नसेला विजेचा हलका ठोका देतो. छातीत धडधड उठतच नाही. हात सैल राहतात, डोकं चालू राहतं.

आणि खरंच चालू राहिलं हो. पहिल्या वर्षी आमच्याकडे साधा घोटासुद्धा मुरगळला नाही कुणाचा. पट्टा इतका हलका की काढायचं लक्षातच राहायचं नाही. घाटात गाडी चालवताना बरं वाटायचं, बँकेत रांगेत बरं वाटायचं, सासूचा फोन आला तरी बरं वाटायचं. दुसऱ्या वर्षापासून आम्ही सगळे दिवसभर घालायला लागलो. एकटे बबनकाका सोडून. "मानेला खाज सुटते," म्हणाले, आणि दिला काढून.

चुकीचा चहा चालूच होता. फक्त चुका कमी झाल्या. "आज काही विशेष नाही." "सगळं मस्त." पोरं पटापट चहा उचलायला लागली. मला वाटलं, वा, आपलं शिक्षण सुधारलं! अकरावरून नऊवर, नऊवरून आठवर, मी सह्या करत गेले.

पाच जानेवारीला निनाद गेला. चौतीस वर्षांचा, सॉफ्टवेअरवाला, नऊ मीटरवर. कड्याच्या नाकाला धडकला. आम्ही त्याला खाली आणलं, पोलीस आले, पंचनामा झाला, त्याच्या बायकोला फोन मी केला. शांतपणे, नीट शब्दांत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आमची उड्डाणं सुरू झाली होती.

सत्तावीस जानेवारीला पहाटेच उठले. निनादच्या विम्यासाठी त्याच्या शेवटच्या दहा उड्डाणांचे व्हिडिओ द्यायचे होते. हेल्मेटला कॅमेरा प्रत्येकाच्याच असतो, पण बघतो कोण? अपघात झाला तरच. ऑफिसात चहा घेऊन बसले आणि लावला एक. सत्तावीस डिसेंबरचा. निनादचे बूट कड्यावरच्या झुडपात घुसले, पानं उडाली, तो वाचला आणि पुढे गेला. म्हणजे मरायच्या नऊ दिवस आधी तो मरता मरता वाचला होता. मी रजिस्टर उघडलं. त्या दिवशीच्या चहाची नोंद: ‘निनाद, विशेष काही नाही.’

लपवलं मेल्याने, असं मला वाटलं. पण निनाद लपवणारा नव्हता. पाय लटपटले की आधी सांगणारा होता तो.

कॉम्प्युटरवर शेजारीच एक फोल्डर होतं, ‘ऋतू – बघ’. कोणी केलं कोण जाणे. ऋतू म्हणजे ऋतुजा, माझी धाकटी बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आई गेल्यावर मीच वाढवली, मीच उडायला शिकवली. फोल्डरमध्ये तिचे चार व्हिडिओ होते. चारही वेळा तिची सावली कड्याला चिकटली होती. एकदा तिचा गुडघा दगडाला घासलेला स्पष्ट दिसत होता. चारही दिवशी चहाला तिने सांगितलं होतं, "एकदम भारी."

पाचवा व्हिडिओ माझा होता. माझाच डावा बूट कातळावर फर्रकन घासत जातो आणि ठिणगी उडावी तशी धूळ उडते. मी टेबलाखाली वाकून बूट बघितला. कडेचं चामडं सोललेलं. महिनाभर मी समजत होते, बूट जुना झाला, शिवून आणायला हवा. ती उडी मला आठवते. वारा छान होता, ऊन कोवळं होतं. कातळ आठवत नाही.

आणि मला काय वाटलं, सांगू? ‘बरं, यात लक्ष घालायला हवं.’ एवढंच. मी चहाचा आणखी एक घोट घेतला. मग इनामदारांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हेमाताई, हे तुम्ही मला तिसऱ्यांदा सांगताय."

"काहीतरीच काय!"

"आठ तारखेला सांगितलंत. बाराला पुन्हा सांगितलंत. तेव्हा मी म्हटलं, लिहून ठेवा. तुमच्या रजिस्टरमध्ये बारा जानेवारीचं पान बघा."

पान उलटलं. माझं अक्षर. ‘ऋतूला आठ मीटर कुठल्याही परिस्थितीत द्यायची नाही. तिला व्हिडिओ दाखवायचे. इनामदारांशी बोलले.’ खाली दोन रेघा मारलेल्या. आणि सातच पानं पुढे, एकोणीस तारखेला: ‘ऋतुजा गराडे, आठ मीटर, मंजूर.’ सही माझीच.

"डॉक्टर, हे काय आहे?"

"मेंदू सगळं साठवत नाही, हेमाताई. एखादी गोष्ट घडताना अंगात भीती उसळली, किंवा तिच्याबद्दल सारखं बोलणं झालं, तरच तो तिच्यावर शिक्का मारतो, की ही जपायची. बाकीचं विरून जातं. गेल्या मंगळवारी कोणती भाजी खाल्ली ते आठवतं का तुम्हाला? आमचा पट्टा भीती उसळूच देत नाही. त्यामुळे मरता मरता वाचलेला माणूससुद्धा ते मंगळवारच्या भाजीसारखं विसरतो. शिकत काहीच नाही. तुम्ही व्हिडिओ बघितलेत तेव्हाही पट्टा गळ्यात होता. म्हणून तेही विसरलात."

"मग तुम्ही काय केलंत?"

"कंपनीला कळवलं. समितीची बैठक झाली. सगळ्यांना मुद्दा पटला. घाई आहे असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. मीसुद्धा दिवसभर घालतो ना. आज तुम्ही तिसऱ्यांदा बोललात तेव्हा कुठे माझा हात मानेकडे गेला. आत्ता काढला."

मी घड्याळ बघितलं. पावणेसात. साडेसातला ऋतू आठ मीटरवरचं पहिलं उड्डाण करणार होती. ती आणि बबनकाका जीप घेऊन कधीच वर गेले होते, आणि वर रेंज नाही.

"पट्टा काढल्यावर किती वेळ लागतो?"

"पंधरा मिनिटांत शरीर पूर्ववत होतं. आणि ऐका, नुसतं घाबरून भागत नाही. ती आठवण पक्की मुरायला सहा तास लागतात, आणि मध्ये एक झोप झाली तर उत्तम. तेवढ्यात परत पट्टा घातला, तर सगळं पाण्यात."

मी पट्टा ओरबाडून काढला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि स्कूटर काढली.

पहिली दहा मिनिटं काही नाही. मग तिसऱ्या वळणावर भीती आली. आधी तळहात ओले झाले, मग तोंडाला कोरड पडली. उजवीकडे दरी होती. ती दरी तिथे कायमच होती, पण चार वर्षांत मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. कड्यावरून उडी मारणारी मी बाई, स्कूटर पाय टेकवत टेकवत चालवायला लागले. निनादच्या बायकोचा फोनवरचा आवाज आठवला. ती मला विचारत होती, "ताई, तुम्ही नक्की निनादबद्दलच बोलताय ना?" माझ्या आवाजावरून तिला ते खरं वाटलंच नव्हतं. देवा, काय केलं मी! मी घाटातच रडायला लागले, आणि तरी पुढे गेले, कारण साडेसात वाजत आले होते.

वर पोहोचले तर ऋतू हार्नेस चढवून, विंग मागे पसरून उभी. समोरून गोड वारा येत होता. कडा तिच्यापासून पंधरा पावलांवर. बबनकाका बाजूला दोऱ्या न्याहाळत होते.

"ऋतू, थांब!"

"अगं ताई, तू? बघायला आलीस होय?" ती हसली. "चेहरा काय झालाय तुझा? पट्टा कुठेय?"

"तुझाही काढ. आठ मीटर नाही उडवायची तू. मी सही चुकून केली."

"चुकून? ताई, माझ्या शेवटच्या चाळीस उड्डाणांत एक चूक नाही. तूच लिहिलंयस."

"आहेत. चार आहेत. चारदा मेली असतीस. तुला आठवत नाहीयेत."

"बरं," ती म्हणाली. अगदी गोड आवाजात. "खाली आल्यावर बोलू. वारा चांगलाय, बाजूला हो."

समोरच्याला भीतीच वाटत नसेल तर तुम्ही काय सांगणार? मी जीव तोडून बोलत होते आणि ती लहान मुलाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती. तिने दोऱ्या हातात घेतल्या. एक पाऊल पुढे टाकलं की विंग डोक्यावर येणार, आणि मग ती माझ्या हातात राहणार नव्हती.

मग मी जे केलं, ते आमच्या धंद्यात कोणी करत नाही. मी धावत गेले आणि तिच्या विंगवर, मधोमध, फतकल मारून बसले.

"ताई! कापड!" ऋतू ओरडली. विंगवर साधा पाय पडला तर मी पोरांना दहा जोर काढायला लावते. बबनकाकांनी कपाळाला हात लावला.

"पट्टा काढ," मी म्हटलं. "पंधरा मिनिटं. मग मी उठते, आणि तुला उडायचं असेल तर उड. आईची शपथ."

तिने खांदे उडवले. तिला त्याचीही भीती वाटली नाही. गळ्यातला पट्टा काढून तिने काकांकडे फेकला. "घ्या काका. तुमची हेमाताई आज कामातून गेलीय."

मी तिच्या हातात फोन दिला. चारही व्हिडिओ त्यात घेऊन आले होते. तिने उभ्या उभ्याच पहिला बघितला. "ही मी? छे." दुसरा बघितला. "भारी जवळून गेले की." तिसरा. मी घड्याळाकडे बघत बसले होते. विंग फाटो, पण हिचं काही होऊ नये, एवढंच मनात होतं. आठ मिनिटं. दहा. चौथा व्हिडिओ तिने परत लावला. गुडघा घासतो तो. अजून एकदा लावला. तिचा डावा हात हळूहळू स्वतःच्या गुडघ्यावर गेला.

"ताई," ती म्हणाली, "मला हे का आठवत नाही?"

तिने मान वर करून कड्याकडे बघितलं. पंधरा पावलं.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. माझ्याखालची विंग दाबलेली होती, पण एक टोक फडफडून वर उठलं आणि तिला मागे ओढलं. एवढंच. रोज दहादा होतं. ऋतू किंचाळली. असं किंचाळणं मी तिचं आई गेली तेव्हाच ऐकलं होतं. हात आवळले, मुठी छातीशी, गुडघे मोडले, आणि ती पालथी पडून वाळलं गवत मुठीत धरून राहिली. "धर मला! ताई, मला धर! मी पडतेय!"

"नाही पडत, राणी. जमिनीवर आहेस." मी आणि काकांनी तिला हार्नेसमधून सोडवलं. ती उभीच राहीना. शेवटी तिने बसूनच, मागे सरकत सरकत, कडा दिसेनासा होईपर्यंतचं अंतर कापलं.

खाली ऑफिसात आणली तेव्हा साडेआठ झाले होते. तिथून सहा तास धरले, म्हणजे अडीच वाजेपर्यंत पट्टा नाही. मी दाराला आतून कडी घातली.

ते सहा तास माझ्या वैऱ्यावरही येऊ नयेत. ऋतूला उलट्या झाल्या. मग ती थरथरायला लागली, दात वाजायला लागले. दहाच्या सुमाराला पहिल्यांदा म्हणाली, "ताई, पाच मिनिटं घालू दे. फक्त श्वास जाग्यावर येईपर्यंत."

"नाही."

"निनाद दिसतोय मला. त्याला मीच उचलला होता गं. त्याचा पाय... मी त्या दिवशी संध्याकाळी पावभाजी खाल्ली, ताई! काय माणूस आहे मी?"

"मीही खाल्ली होती."

"दे ना मग पट्टा! मी मरेन इथे."

ती ड्रॉवरकडे धावली. माझा पट्टा तिथेच होता, विसरलेच होते. आमची झटापट झाली; एकोणतीस वर्षांची पोर, ताकद माझ्याहून जास्त. तिने माझ्या मनगटाला चावा घेतला. पट्टा माझ्या हातात आला, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मीच तो मानेजवळ नेला. एक ठोका आणि सगळं शांत झालं असतं. तिचं रडणंही मला नीट, दुरून ऐकू आलं असतं. मी खिडकी उघडून तो बबनकाकांच्या अंगावर फेकला. "काका, हा आणि तिचा, दोन्ही घेऊन जा! मी मागितले तरी द्यायचे नाहीत!"

एक वाजता ती थकून जमिनीवरच झोपली. मी तिच्या अंगावर शाल टाकली आणि शेजारी बसले. आता खरी भीती सुरू झाली. मुरलं असेल का? की उठेल, हसेल आणि विचारेल, ताई, माझ्या विंगवर का बसलीस? बाराला मी दोन रेघा मारून लिहिलं होतं आणि एकोणीसला सही केली होती. माझा माझ्यावरच विश्वास उरला नव्हता. मी तिच्या श्वासाकडे बघत राहिले. दोन वाजले, अडीच वाजले, तीन वाजून गेले.

सव्वातीनला तिने डोळे उघडले. छताकडे बघत पडून राहिली. चेहरा शांत.

"ऋतू," मी म्हटलं, "सकाळी काय झालं, सांग बघू."

शालीतून तिचा हात बाहेर आला, माझा दंड तिने चाचपला आणि इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"मी मेले असते, ताई," ती म्हणाली. "चारदा." आणि हुंदका फुटला.

शेजारी पाण्याचा तांब्या होता, तो मी दिला नाही. उगी उगी म्हटलं नाही, डोळेही पुसले नाहीत. तिला तसंच कुशीत घेतलं आणि म्हटलं, रड. रड बाई, खूप रड.